नव्या रंगांची पहिली परीक्षा

पालकहो, ओव्हरटाइमच्या पैशांतून पोरीला जलरंगांची पेटी घेतली. जाड कागदाची वही महाग, पान वाया घालवणं परवडत नाही. म्हणून आधी शेवटच्या पानावर प्रत्येक रंगाचे दोन पट्टे ओढायला लावले, एक दाट, एक पाणी घालून. ओला रंग गडद दिसतो, वाळला की फिकटतो. पांढऱ्याची गरजच नाही, कोरा कागद आहे की!

मग थिबा राजवाड्याजवळ बसलो. ब्रह्मदेशाचा हद्दपार बौद्ध राजा थिबा इथेच १९१६ साली वारला. पायाखालच्या जांभ्याला पेटीतला बर्न्ट सिएना जुळला. दोन्हींचा तांबडेपणा लोहाचाच. माडांचा हिरवा मात्र निळ्या-पिवळ्यातून तिनेच बनवला. भाट्याच्या खाडीचं पाणी तेवढं अजून जमत नाही.