जपलेलीं गांवें

कोल्हापूरच्या दक्षिणेस कणेरी येथें सिद्धगिरी मठानें जुन्या काळचें एक गांव उभें केलें आहे. भाता ओढणारा लोहार, चाक फिरविणारा कुंभार, असे सारे बलुतेदार तेथें भेटतात. मात्र ते सिमेंटचे पुतळे आहेत.

स्लोव्हाकिया देशांतील व्ल्कोलिनेत्स हें डोंगरी खेडें मात्र मूळच्याच जागीं जपलेलें आहे. समुद्रसपाटीपासून ७१८ मीटर उंचीवरील या खेड्याचा पहिला लेखी उल्लेख इ. स. १३७६ चा आहे. तेथील घरें ओंडक्यांचीं. दगडी जोत्यावर ओंडके आडवे रचावयाचे, कोपऱ्यांत खांचा पाडून एकमेकांत गुंतवावयाचे, आणि भिंतींवर मातीचा लेप देऊन त्या रंगवावयाच्या. लांकडांतून उष्णता सहसा बाहेर जात नाहीं. म्हणून बर्फांतही घर ऊबदार राहतें. सह्याद्रींत मात्र पाऊस आणि वाळवी अशा भिंती टिकूं देणार नाहींत. म्हणून येथें लांकूड मुख्यतः खांब, तुळया व वाशांसाठीं वापरलें गेलें.

१९४४ सालीं महायुद्धांत त्या खेड्याचा कांहीं भाग जळाला. १९९३ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारसा ठरविलें. घरें वांचलीं, पण कायमची वस्ती विसाएक माणसांचीच उरली.

पुतळे गांव सोडून जात नाहींत, हें खरें. परंतु ते मुलाला आपला धंदाही शिकवीत नाहींत. कुजलेला ओंडका बदलावयास खांच पाडणारा सुतारच लागतो. त्याची विद्या जगली, तरच घर जगतें.