घोळ जितका मोठा, तितका भाव चढा

बीटल्सची गाणी आज मोबाइलवर जवळजवळ फुकट ऐकता येतात. तरीही त्यांच्या जुन्या तबकड्यांसाठी माणसं पाकीट रिकामं करतात. गंमत म्हणजे या सेकंडहँड बाजारात गाणं चांगलं असल्याचे पैसे कुणी देत नाही. कंपनीने कधीकाळी घातलेला घोळ मात्र हातोहात खपतो.

१९६२ सालचं ‘लव्ह मी डू’ घ्या. रेडिओवाल्यांना वाटायला जेमतेम २५० प्रती काढल्या आणि लेबलवर मॅकार्टनीच्या नावातलं एक ‘सी’ गाळलं. तेव्हा या पोराला विचारतंय कोण! आज त्याच गळलेल्या अक्षरापायी संग्राहक या प्रतीमागे धावतात.

पण घोळांचा बादशहा म्हणजे अमेरिकेतला ‘यस्टर्डे अँड टुडे’ हा अल्बम, साल १९६६. कव्हरवर चौघं खाटकाच्या पांढऱ्या कोटात, अंगावर मांसाचे तुकडे आणि बाहुल्यांची तुटकी मुंडकी. कॅपिटॉल कंपनीने साडेसात लाखांच्या आसपास प्रती छापल्या, दुकानदारांनी बोंब मारली आणि माल परत बोलवावा लागला. एवढी कव्हरं फेकायची म्हणजे नुकसान, म्हणून बऱ्याच कव्हरांवर नवा फोटो चिकटवून टाकला: एक भलीमोठी ट्रंक आणि भोवती चौघं. ही बातमी पोरांच्या कानावर गेली मात्र, घरोघरी वाफ देऊन वरचा कागद सोलायला सुरुवात झाली. आता बाजारात तीन जाती आहेत: मुळात न चिकटवलेली, चिकटवलेली आणि सोललेली. जो तो सोलत सुटल्यामुळे न सोललेली दुर्मीळ झाली, आणि ज्यांनी धीर धरला त्यांची चांदी झाली. खालचा फोटो आहे की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. ट्रंकेच्या उजवीकडच्या पांढऱ्या भागात रिंगोच्या काळ्या स्वेटरचा ‘व्ही’ पुसटसा दिसतो. सगळ्यात हुशार निघाले ते खुद्द कंपनीचे अध्यक्ष ॲलन लिव्हिंग्स्टन. त्यांनी सीलबंद प्रतींचा खोकाच घरी नेऊन ठेवला होता. वीस वर्षांनी त्यांच्या मुलाने तो बाहेर काढला आणि संग्राहकांची झोप उडाली.

पैसा आला की नकली मालही आलाच. ‘इंट्रोड्यूसिंग द बीटल्स’ या व्ही-जे कंपनीच्या तबकडीच्या तर इतक्या नकला झाल्या की जाणकार आधी जॉर्ज हॅरिसनची सावली शोधतात. अस्सल कव्हरवर ती पडलेली असते, नकलांमध्ये बहुधा गायब.

ब्रिटिश तबकडी असेल तर भिंग काढा. लेबलजवळच्या कोऱ्या पट्टीत बारीक अक्षरं कोरलेली असतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी म्हणजे ‘ग्रामोफोन लिमिटेड’, पण खरं तर हे आकडे आहेत: जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत डी म्हणजे ०. कितव्या साच्यातून तबकडी निघाली ते त्यावरून कळतं. एकटा ‘जी’ दिसला की गिऱ्हाइकाने चेहरा कोरा ठेवून घासाघीस चालू ठेवावी.

प्रतवारी हा तर निव्वळ विनोद आहे. ‘गुड’ म्हणजे खरखर करणारी, ओरखडे पडलेली, पण सुई न अडकता कशीबशी वाजणारी तबकडी. नव्यासारख्या प्रतीच्या किमतीचा दहावा ते सातवा हिस्सा मिळाला तरी पुष्कळ.

१९६८ च्या ‘व्हाइट अल्बम’च्या पांढऱ्याफेक कव्हरवर अनुक्रमांक छापले होते. पहिला नंबर लेननकडे असणार, अशी सगळ्यांची समजूत. निघाला रिंगोच्या बँकेच्या तिजोरीत! २०१५ मध्ये लिलावात त्याला ७ लाख ९० हजार डॉलर आले.

आता आपल्याकडचा मासला. ब्रिटनमध्ये ७८ गतीच्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमाराला बंद झाल्या. बीटल्सची पहिली रेकॉर्ड आली १९६२ ला. म्हणजे हिशेबाने बीटल्सची ‘७८’ असूच नये. पण आपल्याकडे अजून चावीचे फोनो घरोघरी होते, त्यामुळे कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बीटल्सही ७८ वर निघाले. परदेशी संग्राहक आज त्यांच्यासाठी जीव टाकतात. तेव्हा आजोबांच्या माळ्यावरचा गठ्ठा रद्दीवाल्याला किंवा चोर बाजारात देण्याआधी लेबलांवर बीटल्सच्या रेकॉर्ड कंपनीचं ‘पार्लोफोन’ हे नाव दिसतंय का ते पाहून घ्या. फक्त जपून उचला. लाखेची तबकडी हातातून सुटली की तिचे तुकडेच होतात, आणि तुकड्यांना ‘गुड’सुद्धा कुणी म्हणत नाही.