सावध जनावर, सावध माणूस

मानसोपचारात घोडा आला, की बोलणं लगेच त्याच्या प्रेमळ डोळ्यांकडे आणि मुक्या जनावराच्या मायेकडे वळतं. माझ्या मते या उपचाराचं बळ घोड्याच्या मायेत नाही, ते त्याच्या भित्रेपणात आहे. घोडा ही मुळात शिकार होणारी जात. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळा परिसर नजरेत असतो. कान हवे तिकडे वळतात, आणि शंका आली की तो आधी पळतो, मग वळून बघतो. युद्धावरून परतल्यावर मोठ्या आवाजाने आजही दचकणाऱ्या, उपाहारगृहात दाराकडे तोंड करूनच बसणाऱ्या सैनिकाचं शरीर असंच सतत पहाऱ्यावर असतं. पण धोका टळला की घोडा मान खाली घालून पुन्हा चरू लागतो. सैनिकाच्या शरीराला मात्र पहारा उठवायचा कसा, हेच आठवेनासं झालेलं असतं.

या विचाराची एक पद्धतशीर तपासणी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने केली. शर्यतीच्या घोड्यांचे मालक अर्ल मॅक यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये ‘मॅन ओ’ वॉर’ प्रकल्प सुरू झाला. हे नाव एका विख्यात शर्यतीच्या घोड्याचं. युवाल नेरिया आणि प्रुडेन्स फिशर या संशोधकांनी माजी सैनिकांसाठी आठ आठवड्यांचा उपचार आखला: छोटा गट, आठवड्यातून एकदा दीड तास, सोबत मानसोपचारतज्ज्ञ आणि घोड्यांचा जाणकार. घोड्यावर कुणी बसत नाही; सगळं काम जमिनीवर उभं राहून चालतं. खरारा करायचा, मोरखी चढवायची, रिंगणातून चालवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मोरखी घेऊन निघालेला माणूस दात आवळून, खांदे ताठ करून सरळ अंगावर आला तर घोडा मान वर करतो, कान वळवतो आणि दोन पावलं बाजूला सरकतो. पुन्हा गेलं, पुन्हा सरकतो. मग तज्ज्ञ विचारतो, आत्ता तुमचा श्वास कुठे होता? माणूस थांबतो, श्वास सोडतो, थोडा तिरका होऊन हळू पुढे जातो, तेव्हा बऱ्याचदा घोडा उभा राहतो. दवाखान्यातल्या खुर्चीत बसून ‘तुम्ही तणावात दिसता’ असं ऐकलेलं नाकारता येतं. पाचशे किलोचं जनावर दूर सरकलं, हे नाकारता येत नाही.

घोडा खरंच एवढं वाचतो का? याचं उत्तर शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये मिळालं. निवृत्त शिक्षक विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवतो, अशी ख्याती होती. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. योग्य आकड्यावर माणसाचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा थांबायचा. गंमत म्हणजे हे कळल्यावरही स्वतः फुंग्स्टला ती हालचाल पुरती रोखता येईना. पुढे २०१६ मध्ये ससेक्स विद्यापीठाच्या प्रयोगात रागावलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रं पाहून घोड्यांच्या हृदयाचे ठोके अधिक वेगाने चढल्याचं दिसलं. अर्थात शरीर वाचणं म्हणजे दुःख समजणं नव्हे. ‘घोडा तुमच्या मनाचा आरसा आहे’ असं सांगणाऱ्या जाहिराती मला म्हणूनच धोकादायक वाटतात. घोडा माशीनेही बिथरतो, वाऱ्यावर उडालेल्या पिशवीनेही. प्रत्येक हालचालीत रुग्णाची वेदना शोधली तर ते ज्योतिष होईल. शेजारी घोड्यांचा जाणकार हवा तो यासाठी.

सर्वांत मोठा आक्षेप पुराव्याचा आहे, आणि तो खरा आहे. २०१४ मध्ये मायकेल अ‍ॅनेस्टिस आणि सहकाऱ्यांनी तोवरचे १४ अभ्यास तपासून, या उपचाराला भक्कम आधार नाही असा निष्कर्ष काढला. २०२१ मध्ये कोलंबियाचे निकाल आले: ६३ सैनिकांपैकी ३२ जणांची लक्षणं उपचारानंतर लक्षणीय कमी झाली होती, तीन महिन्यांनी अशांची संख्या ३४ होती. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. बरं वाटलं ते घोड्यामुळे, मोकळ्या हवेमुळे की सोबतच्या सैनिकांमुळे, हे या आकड्यांवरून ठरत नाही. तरीही मला यातला आणखी एक आकडा अधिक मोलाचा वाटतो: उपचार सोडून गेले फक्त पाच जण. आघाताची आठवण पुन्हा पुन्हा उगाळायला लावणारे प्रस्थापित उपचार गुणकारी आहेत, पण अनेक सैनिक ते अर्ध्यावर सोडतात. जो माणूस दारातूनच परत फिरतो, त्याला उत्तम उपचाराचाही उपयोग नाही.

मग कुत्रा का नको, असंही विचारलं जातं. तो स्वस्त, सोयीचा आणि लाघवी. पण कुत्रा ताठ खांद्यांच्या माणसाकडेही शेपूट हलवत येतो. घोड्याची जवळीक कमवावी लागते. त्यासाठी घोड्याला नकार देण्याची मुभा हवी, आणि दिवसभर एकामागून एक गटांपुढे उभं केलेलं थकलेलं जनावर नकार देणंच सोडून देतं. त्याची विश्रांती हा केवळ भूतदयेचा प्रश्न नाही, उपचाराची अटच आहे. आता गरज आहे ती पुढच्या चाचणीची: तेच मैदान, तेच तज्ज्ञ, तेवढेच आठ आठवडे, एका गटाला घोडे आणि दुसऱ्याला त्याच मैदानावर घोड्याविना दुसरं एखादं काम. ती महाग पडेल, पण रुग्णांकडून आजच शुल्क घेणाऱ्या केंद्रांनी तिच्यासाठी पैसा उभा करायला हवा.