तापीकाठी मुक्काम

1615च्या ऑक्टोबरअखेरीस इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून निघाला. जहांगीर बादशहा तेव्हा अजमेरला होता. अजमेर सुरतेच्या उत्तरेला, पण रो आधी पूर्वेला वळला आणि तापीचं खोरं धरून बुऱ्हाणपूरला आला. शहजादा परवेझचा दरबार तिथे होता आणि ईस्ट इंडिया कंपनीला तिथल्या वखारीसाठी परवाना हवा होता. सरायमध्ये मिळालेल्या खोल्या रोला भट्टीसारख्या वाटल्या, म्हणून त्याने स्वतःच्या तंबूंचा आसरा घेतला. दरबारात त्याने बसायला खुर्ची मागितली. ती मिळाली नाही. खांबाला टेकून उभं राहण्याची मुभा मात्र मिळाली. परवान्याचा शब्द मिळाला आणि मग तापाने गाठलं. मुक्काम वाढला.

रोची रोजनिशी तक्रारींनी भरलेली आहे, तरी बुऱ्हाणपूरला जायचं ठरवणाऱ्याने तिच्यातली एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या गावात त्याला थांबावं लागलं. सतराव्या शतकात सगळ्यांनाच थांबावं लागे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधे तापीचं काळ्या मातीचं लांबट खोरं. सुरत बंदराची वाट नदीच्या बाजूने पूर्वेला येते, आग्र्याची वाट माळव्यातून नर्मदा ओलांडून असीरगडाजवळ सातपुडा उतरते, औरंगाबादची वाट अजिंठ्याचा घाट उतरून येते. तिन्ही वाटा जिथे मिळतात तिथे नदीला उतार, बैलांना चारा, माणसांना सराय आणि मालाला गिऱ्हाईक हवं. त्या गरजेतून हे शहर वाढलं. आज त्याच शहरातून रेल्वेगाड्या क्षणभर थांबून पुढे जातात आणि खिडकीतल्या माणसाला केळीच्या बागांखेरीज काही दिसत नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

महाराष्ट्रातून जायला हे गाव अगदी सोपं आहे. भुसावळ–खंडवा मार्गावर भुसावळपासून 54 किलोमीटर, मुंबईपासून सुमारे 500. रावेर गेलं की राज्याची हद्द ओलांडली जाते, पण रानात फरक पडत नाही. इकडेही केळी, तिकडेही केळी. रस्त्याने यायचं तर भुसावळहून मुक्ताईनगर, इच्छापूर आणि मग बुऱ्हाणपूर. विमानाने येणाऱ्याला इंदूर पडतं आणि तिथून सुमारे 180 किलोमीटरचा रस्ता उरतो. स्टेशन गावात नाही, लालबागेत आहे. मोगलांच्या काळातला हा बगीचा. आता त्या नावाची वस्ती आहे. तिथून गावात जायला पूर्वी टांगे होते, आता रिक्षा आहेत.

इतकं सोपं असूनही माझा आग्रह वेगळा आहे. तिकीट बुऱ्हाणपूरचं काढू नये, खंडव्याचं काढावं. गाडीने सत्तरेक किलोमीटर पुढे जावं आणि खंडव्याहून बसने दक्षिणेकडे परत यावं. असं केलं म्हणजे आपण जुन्या वाटेने, आग्र्याकडून आल्यासारखे येतो आणि शहराच्या वीसेक किलोमीटर अलीकडे असीरगड आडवा येतो. पायथ्याशी उतरावं. मैदानापासून अडीचशे मीटर उंच उठलेला हा डोंगर आणि त्याखालून जाणारा रस्ता एकदा पाहिला, की दख्खनचा दरवाजा कशाला म्हणत हे सांगावं लागत नाही. गडाचे तीन टप्पे आहेत : मलयगड, कमरगड आणि माथ्यावरचा असीरगड. वर मशीद आहे, महादेवाचं देऊळ आहे, पाण्याची टाकी आहेत. देवळात पहाटे अश्वत्थामा येऊन फूल वाहतो, असं पंचक्रोशीतला जो तो सांगेल. ऐकावं आणि तटाकडे चालू लागावं. उन्हाळ्यात मात्र हा बेत करू नये. खानदेशातला मे महिना ज्याने सोसला आहे त्याला कारण विचारावं लागणार नाही. दिवाळी ते महाशिवरात्र हा खरा मोसम.

फारुकी घराण्यातल्या नासिर खानाने 1400च्या सुमारास हा गड आशा अहिराकडून घेतला. आपल्या घरच्या बायकांच्या डोल्या म्हणून वर पाठवलेल्या डोल्यांत सशस्त्र शिपाई होते, अशी हकिकत इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवली आहे. मग त्याने खाली तापीच्या उत्तर काठावर नगर वसवलं आणि त्याला सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव दिलं. समोरच्या काठावरचं जैनाबाद त्यांचे शिष्य जैनुद्दीन यांच्या नावाचं. दोघांच्याही समाध्या आपल्या खुलदाबादेत आहेत. पुढे 1748 मध्ये पहिला निजाम असफजाह बुऱ्हाणपुरात वारला, तेव्हा त्याचं दफन खुलदाबादला, याच बुऱ्हाणुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात झालं. या दोन गावांमधली वाट किती वर्दळीची होती, हे यावरून समजावं.

दोनशे वर्षं बुऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी राज्याची राजधानी होती. अकबराने असीरगडाला वेढा घातला आणि जानेवारी 1601 मध्ये गड पडला. तिथून पुढे मोगलांच्या प्रत्येक दख्खन स्वारीचा तळ इथे पडला. 1956 नंतर हे गाव मध्य प्रदेशात राहिलं आणि मराठी मुलांच्या सहलीतून गळालं. वेरूळ-अजिंठ्याला जाणाऱ्या शाळांच्या गाड्या आणखी थोडं पुढे का येत नाहीत, याचं पटणारं उत्तर मला मिळालेलं नाही.

गावात रिक्षा सोडून पायी फिरावं. असफजाहने 1731 मध्ये बांधलेल्या विटांच्या तटाचे काही दरवाजे उभे आहेत. शनवारा, इतवारा, शिकारपुरा, राजघाट ही नावं कोणालाही सांगितली की पत्ता पुरतो. आतले रस्ते अरुंद, दोन्हीकडे दुकानं, मागच्या गल्ल्यांतून यंत्रमागांचा खडखडाट. हा आवाज नुसता ऐकून पुढे जाऊ नये. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए 1641 आणि 1658 मध्ये इथे आला. इथलं झिरझिरीत मलमल इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, त्यात सोन्यारुप्याच्या तारा विणतात, असं त्याने लिहिलं आहे. ती तलम वीण गेली, पण विणकाम गावाने सोडलेलं नाही.

बाजाराच्या मध्यात जामा मशीद आहे. काळा दगड, समोर पंधरा कमानी, दोन उंच मिनार. आणि डोक्यावर घुमट नाही, कमानींवर तोललेलं सपाट छत आहे. राजा अली खान फारुकीने ती बांधली. आतल्या शिलालेखाजवळ जरा वेळ उभं राहावं. अरबीच्या जोडीला इथे संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात संवत 1646 आणि शके 1511, म्हणजे इसवी सनाच्या हिशेबाने जानेवारी 1590 चा आरंभ, अशी मिती दिलेली आहे आणि फारुकी राजांची वंशावळही आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृतात कालगणना आणि वंशावळ कोरवून घेणारा राजा कोणत्या रयतेशी बोलत होता, हे त्या दगडाइतकं स्पष्ट कुठली बखर सांगत नाही. जवळच अकबराच्या दख्खन मोहिमेचा फारसी लेखही आहे. अकरा-बारा वर्षांत राज्य बदललं, मशीद तीच राहिली.

मशिदीतून बाहेर पडल्यावर मावा जलेबी खावी. खव्याची, काळपट तांबूस, जाडजूड. मुंबईकरांना ती रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्याच नावाने भेटते. दराबा ही मिठाई खानदेशी माणसाला घरचीच वाटेल.

दुसरा दिवस पाण्यासाठी राखावा. या शहरात एकच जागा पाहायला वेळ असेल तर मी कुंडी भंडाऱ्याचं नाव घेईन आणि मुमताजमहलचं नंतर. लालबागेच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला, मोकळ्या रानात विहिरीच्या कठड्यासारखी गोल बांधकामं एका ओळीत दिसू लागतात. त्या कुंड्या. शंभराहून अधिक आहेत. अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना 1615 मध्ये, तबकुतुल अर्ज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इराणी जाणकाराने ही योजना आखली. टॉमस रो आला तेच हे वर्ष.

योजना समजायला सोपी, करायला महाकठीण. सातपुड्यावर पडलेला पाऊस उतारावरच्या जमिनीत मुरतो आणि भूगर्भातून तापीकडे सरकत राहतो. या सरकत्या पाण्याच्या वाटेत जमिनीखाली बोगदा खणला. झिरपा बोगद्यात जमा होतो. बोगद्याला अगदी हलका उतार दिला, म्हणजे पाणी आपल्या वजनाने शहराकडे वाहतं. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. कुंड्या मधेमधे काढल्या त्या खोदलेली माती वर काढायला, हवा खेळती ठेवायला आणि पुढे गाळ उपसायला माणूस उतरवता यावा म्हणून. पाणी शेवटी जाली कारंज नावाच्या हौदात येई आणि तिथून नळांनी गावात फिरे. हजारोंच्या फौजा, हत्ती, घोडे आणि तांडे इथे महिनोन्महिने राहत, त्यांना नुसती नदी पुरणारी नव्हती. वेढा पडला तर नदीवरचं पाणी शत्रूच्या हाती, जमिनीखालचं आपल्या हाती.

एका कुंडीत पर्यटकांसाठी लिफ्ट बसवली आहे. ती चालू असेल तर ऐंशीएक फूट खाली उतरता येतं. खाली गुडघ्याखाली निवळ पाणी, दोन्ही भिंतींवर चुन्याचे पांढरे थर, वरून कुंडीच्या तोंडातून येणारा उजेड आणि पुढच्या कुंडीपर्यंतचा अंधार. पायात रबरी चप्पल असावी, विजार दुमडता येणारी असावी आणि बरोबर माहीतगार माणूस असलाच पाहिजे.

औरंगाबादच्या वाचकाला हे वाचताना मलिक अंबरची नहर आठवली असेल, आणि बरोबर आठवली. जमिनीखालून खेळवलेलं पाणी, मधे उसासे, उतारावर विसंबलेला प्रवाह. विद्या तीच, दशकही तेच. अंबर आणि खानखानान त्या वर्षांत एकमेकांशी लढत होते. दख्खनच्या युद्धातल्या दोन्ही बाजू आपापल्या तळाला पाणी आणण्यासाठी एकाच इराणी हिकमतीकडे वळल्या. या दोन योजना एकत्र अभ्यासल्या जाव्यात, असं मला फार वाटतं. 2024 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कुंडी भंडाऱ्याचा समावेश झाला, ही चांगली गोष्ट घडली. काळजी आहे ती वरच्या जमिनीची. केळीला पाणी भरपूर लागतं, कूपनलिका खोल जात चालल्या आहेत, आणि भंडारा जगतो तो याच मुरलेल्या पाण्यावर.

संध्याकाळी राजघाटावर यावं. नदीला टेकून शाही किल्ला उभा आहे. बराच पडला आहे, पण हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी अजून ओळखू येते. समोर पात्रात दगडात कोरलेला हत्ती आहे. 1610 मध्ये आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने त्याबद्दल लिहिलं आहे : पाणी प्यायला आलेला एक खरा हत्ती या दगडी हत्तीला धडकला आणि दात मोडून घेतले. शहराची हवा फिंचला मुळीच मानवली नव्हती, तरी हा हत्ती त्याला लिहावासा वाटला.

पैलतीर म्हणजे जैनाबाद. 17 जून 1631 रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल बुऱ्हाणपुरात वारली आणि तिला तिथल्या आहूखाना बागेत पुरलं. त्या डिसेंबरात देह आग्र्याला नेला. पूल ओलांडून तिथे जाता येतं. रिक्षा परतीसकट ठरवावी. पडक्या भिंती आणि गवत एवढंच आहे. ताजमहालासमोर रांगा लावणाऱ्यांपैकी कितीजण इथवर येतात?

गावाच्या इतर वाटा आपापल्या माणसांना ठाऊक आहेत. दाऊदी बोहरा भाविक दर्गा-ए-हकीमीला जगभरातून येतात. नांदेडच्या वाटेवर गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये इथे मुक्काम केला, तिथे गुरुद्वारा आहे.

मराठी माणसाने आणखी दोन ठिकाणी जावं. एक बहादूरपूर. राज्याभिषेकाला जेमतेम दोन आठवडे झाले होते तेव्हा, जानेवारी 1681 च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या फौजेने मोगलांचा हा श्रीमंत पुरा आणि आजूबाजूचे पुरे तीन दिवस लुटले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपूरला आला. तिथून दक्षिणेत उतरला तो उत्तरेला परतला नाही. पुढे 1760 मध्ये उदगीरच्या विजयानंतर निजामाने जे दिलं त्यात असीरगड आणि बुऱ्हाणपूर होतं. आणि 1818 च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमला शरण गेला, तोही असीरगडच्याच परिसरात. पेशवाईच्या भरतीच्या आणि ओहोटीच्या दोन्ही खुणा एका तालुक्याच्या अंतरात आहेत.

दुसरं ठिकाण मोहना-तापी संगमाजवळची राजाची छत्री. पुरंदरच्या तहातला मिर्झाराजा जयसिंग विजापूरच्या मोहिमेत अपयश घेऊन आणि आग्र्याहून शिवाजी महाराज निसटल्याचा ठपका मनात घेऊन उत्तरेला परत चालला होता. 28 ऑगस्ट 1667 रोजी तो बुऱ्हाणपुरातच वारला. बत्तीस खांबांची ही छत्री गावापासून काही किलोमीटरवर आहे. सकाळी रिक्षा करून जावं, दुपारपर्यंत परत यावं आणि इच्छापूर-मुक्ताईनगरवरून भुसावळची बस धरावी. वेळ हाताशी असेल तर मुक्ताईनगरला उतरून तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळही पाहून होतं. भुसावळहून रात्री मुंबई-पुण्याच्या गाड्या मिळतात.