जूनचा खर्च अचानक येत नाही

दरवर्षी जून महिना जवळ आला की अनेक घरांत एकच धावपळ सुरू होते. मुलांचे गणवेश, वह्या-पुस्तके, पेटी, अंथरूण-पांघरूण आणि वसतिगृहापर्यंतचा प्रवास, हे सारे एका आठवड्यात अंगावर येते. हाती रोकड नसते; मग उसनवारी होते आणि तीही न जमल्यास सावकाराचे दार गाठले जाते. या खर्चाला आपण 'अडचण' म्हणतो. वस्तुतः त्याची तारीख वर्षभर आधीपासून ठाऊक असते. ठाऊक असलेल्या खर्चासाठी कर्ज काढावे लागू नये, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

इतिहास आपणांस एक गोष्ट शिकवितो. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. त्यांचा रोख मुख्यतः खतपत्रांवर होता. ती त्यांनी हिसकावून घेतली, जाळली. देणे किती आणि फेडले किती, याचा लेखी पुरावा केवळ सावकाराच्या घरी होता. कर्जदाराच्या घरी कागदाचा कपटाही नव्हता. पुढे 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी झालेल्या कायद्याने कर्जदारास पावती व हिशेब मागण्याचा हक्क दिला. आज आपल्या घरोघरी अक्षर पोहोचले आहे. परंतु जमाखर्चाची वही किती घरांत आहे?

ही वही शंभर पानी असली तरी पुरे. पहिल्या पानावर बारा महिने लिहावेत आणि प्रत्येक महिन्यापुढे त्या महिन्याचा ठरलेला मोठा खर्च मांडावा. उदाहरणादाखल एक कुटुंब घेऊ. ऑक्टोबरात दीक्षाभूमीचा प्रवास 4,000 रुपये. एप्रिलात जयंती व नवे कपडे 4,000. मे महिन्यात लग्नांचे आहेर 3,000 आणि पावसाळ्यापूर्वी घराची डागडुजी 3,000. जूनमध्ये शाळेची तयारी 10,000. एकूण 24,000 रुपये. त्यास बारांनी भागले असता दरमहा 2,000 येतात. जुलैपासून ही रक्कम नेमाने बाजूला काढली, तर वरील प्रत्येक खर्च आपापल्या महिन्यात भागतो आणि जूनसाठी पूर्ण 10,000 शिल्लक राहतात.

आता दुसरी बाजू पाहू. हेच 24,000 रुपये शेकडा तीन रुपये मासिक व्याजाने काढले, तर महिन्याचे व्याज 720 आणि वर्षाचे 8,640 रुपये होते. एवढे भरूनही मुद्दल जागच्या जागी उभे राहते.

बाजूला काढलेली रक्कम घरात ठेवू नये. पोस्टात किंवा बँकेत स्वतंत्र बचत खाते उघडावे आणि रोजच्या व्यवहारासाठी त्यास हात लावू नये. मजुरीवर चालणाऱ्या घरात दरमहा सारखी रक्कम जमणार नाही. तेथे कामाच्या हंगामात अधिक व रिकाम्या महिन्यांत कमी भरावे, मात्र वर्षाची बेरीज चुकू देऊ नये. शिष्यवृत्तीची रक्कम हाती येईपर्यंत ती जमेस धरू नये.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थास मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. तुटपुंज्या मिळकतीत हे प्रमाण जसेच्या तसे साधणार नाही. परंतु वाईट दिवसांचा वाटा चांगल्या दिवसांतच वेगळा काढावा, हे त्यातील मर्म शंभर रुपयांनाही लागू पडते.

अपघात आणि मृत्यू यांची मात्र तारीख ठाऊक नसते. त्यांसाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत, तर 18 ते 50 वर्षे वयात घेता येणारा जीवन ज्योती विमा 436 रुपयांत मिळतो. प्रत्येकी संरक्षण दोन लाखांचे. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो, म्हणून त्या वेळी खाते रिकामे नसावे. मुलगी दहा वर्षांच्या आतील असेल, तर तिच्या नावे सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान 250 रुपये भरूनही चालविता येते.

एवढे करूनही कर्ज काढण्याची वेळ आलीच, तर आधी बचत गटाकडे जावे. खासगी सावकाराकडे जाणे अटळ झाल्यास त्याचा परवाना पाहावा, प्रत्येक भरण्याची पावती घ्यावी आणि ती त्याच दिवशी वहीत नोंदवावी. वही पती-पत्नी दोघांनी पाहावी. आठवीच्या पुढील मुलांकडून बेरजा करून घ्याव्यात, म्हणजे आपल्या शिक्षणाची किंमत त्यांनाही उमगेल.

नोकरीस लागलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना एकच विनंती. आपण गावी पैसे पाठविता, ते मागणी आल्यावर न पाठविता ठरल्या तारखेस पाठवावेत आणि त्यातील किती रक्कम जूनच्या खात्यात टाकावयाची, तेही सांगावे. धाकट्या भावंडाचे शाळेचे वर्ष मग कोणाच्या दारात उभे न राहता सुरू होईल.