विद्यापीठाचे कलम वाडीत रुजले

उन्हाळ्यात आंब्याची पेटी घरी आली की सारे घर दरवळते. तिच्यामागे बागायतदाराचे कष्ट असतात, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्यात एका विद्यापीठाचाही वाटा आहे, हे किती जणांना माहीत असेल?

रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली येथे १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २००१ पासून त्याला डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव लाभले. चार महिने धो धो पाऊस आणि नंतर पाण्याची ओरड, पायाखाली जांभा दगड, शेते तुकड्यातुकड्यांची. कर्ता मुलगा मुंबईच्या गिरणीत आणि गावची चूल मनीऑर्डरीवर, ही अनेक घरांची जुनी कहाणी. घाटावरच्या शेतीचा सल्ला इथे कसा चालणार? या मातीला तिचेच विद्यापीठ हवे होते.

काजूचे उदाहरण घ्या. पूर्वी बी रुजवून झाड वाढवीत. मूळ झाड भरघोस असले तरी त्याचे रोप तसेच निघेल, याची खात्री नसे. विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील केंद्राने संकरातून ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशा सरस जाती दिल्या आणि मृदुकाष्ठ कलमामुळे त्यांचे गुण रोपात जसेच्या तसे उतरू लागले. कोवळ्या रोपाचा शेंडा कापून खाच घ्यायची, त्यात निवडक झाडाची काडी बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. शिकायला सोपे हे काम अनेकांचा रोजगार झाले. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, तेव्हा वरकस जमिनीत लावायला कलमे हाताशी होती.

हापूसचे दुखणे वेगळे. तो एक वर्ष लागतो, दुसऱ्या वर्षी रुसतो. शिवाय वरून सुरेख दिसणाऱ्या फळात साका निघतो. विद्यापीठाने १९८१ साली नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ दिला. त्यात साका नाही. पुढे १९९२ मध्ये नाममात्र कोय असलेला ‘सिंधू’ आला. पण ग्राहकाला हवा हापूसच! तेव्हा संशोधकांनी हापूसलाच दरवर्षी मोहर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे संजीवक झाडाच्या बुंध्याभोवती मातीत किती आणि केव्हा द्यावे, हे बागायतदारांना शिकवले.

प्रश्न संपलेले नाहीत. मोहराच्या दिवसांत अवकाळी पाऊस येतो, थंडी लांबते. बागेत कामाला माणूस मिळत नाही आणि मुले अजूनही शहराची वाट धरतात. नवे ज्ञान लागते ते इथेच.

वाचकहो, आपल्यापैकी कुणाची वडिलोपार्जित जमीन कोकणात पडून असेल, तर पुढच्या खेपेस गावी जाताना दापोलीला किंवा वेंगुर्ल्याला अवश्य थांबा. रोपवाटिका पाहा, आपल्या जमिनीविषयी विचारा आणि पावसाआधी दोन कलमे घेऊन जा.