हवा संपली की झोपणारा जंतू

खोकला थांबला, वजन वाढायला लागलं, मग क्षयाच्या गोळ्या साधारण सहा महिने कशासाठी घ्यायच्या? रुग्णांचा हा प्रश्न रास्तच आहे. त्याचं एक मोठं कारण जंतूच्या अंगच्या एका गुणात सापडतं. भोवतालचा प्राणवायू कमी झाला की ते त्याला कळतं.

तुम्ही म्हणाल, त्याला ना नाक ना मेंदू, कळणार कसं? त्याच्याजवळ डॉस-एस आणि डॉस-टी अशी दोन प्रथिनं असतात. दोन्हींत लोह धरून ठेवणारा हीम नावाचा रेणू असतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू धरतं तेही हीमच्याच जोरावर. प्राणवायू पुरेसा असेपर्यंत ही दोन्ही प्रथिनं गप्प असतात. तो घटला की ती डॉस-आर या तिसऱ्या प्रथिनाला वर्दी देतात आणि मग सुमारे पन्नास जनुकं कामाला लागतात. या डॉस-आरचं दुसरं नाव डेव्ह-आर. दिल्लीच्या एम्समध्ये जया त्यागी यांच्या प्रयोगशाळेनं त्याचं जनुक शोधलं, तेव्हाचं हे नाव.

अमेरिकेतल्या लॉरेन्स वेन यांचा प्रयोग तर फार साधा आणि फार बोलका. त्यांनी क्षयाचे जंतू बंद नळीत ठेवून द्रव हलके हलके ढवळत ठेवला. आतला प्राणवायू जंतूंनी स्वतःच हळूहळू संपवला. तो संपल्याची खूण म्हणजे नळीतल्या मेथिलिन ब्ल्यूचा निळा रंग उडणं. हे जंतू वाढायचे थांबले, पण तगले. एकदम प्राणवायू तोडला तेव्हा मात्र जंतू मेले. म्हणजे झोपेची तयारी करायला त्यांना वेळ लागतो.

फुप्फुसात हा वेळ त्यांना मिळतो. आपल्या संरक्षक पेशी जंतूंभोवती गाठ बांधतात आणि गाठीच्या आत प्राणवायू कमी कमी होत जातो. आयसोनियाझिड हे औषध जंतूची भिंत बांधण्याच्या कामावर घाव घालतं. झोपलेल्यानं बांधकामच थांबवलेलं, मग घाव बसणार कशावर? गंमत म्हणजे, वेन यांच्या नळीत या झोपलेल्या जंतूंना मारलं ते आमांशावरच्या मेट्रोनिडॅझोलनं. जाग्या जंतूंचं मात्र त्यानं काही बिघडत नाही! तेच रुग्णाला महिनोन् महिने द्यावं, तर हातापायांच्या नसांना इजा होण्याची भीती.

गाठ फुटून हवा आत शिरली की झोपलेला जंतू पुन्हा वाढू लागतो. कधी काही महिन्यांनी, कधी पंचवीस-तीस वर्षांनीही.